लेझरनंतर रेंगाळलेली लाली आणि काळे डाग: काचेचा पेला, सनस्क्रीन आणि सबुरी

लेझर करून महिना उलटला तरी गाल तांबूसच दिसतायत, किंवा लाली ओसरली आणि तिच्याच जागी तपकिरी चट्टे उमटले, ही तक्रार आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत अजिबात दुर्मीळ नाही. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी केलेलं फ्रॅक्शनल सीओटू लेझर (बारीक बारीक ठिपक्यांत त्वचा सोलणारं कार्बन डायऑक्साईडचं लेझर), नको असलेले केस काढायचं डायोड किंवा एन-डी याग लेझर आणि वांगासाठी होणारं ‘लेझर टोनिंग’ (कमी ताकदीचे झोत वारंवार देणं), या तिन्हींनंतर असं होऊ शकतं. बहुतेकांचं ते बरंही होतं. बिघडतं ते मधल्या काळातल्या घाईमुळे. कुणी मेडिकलमधून ‘डाग जाण्याची’ ट्यूब आणतं, कुणी लिंबू चोळतं, तर कुणी तिसऱ्या आठवड्यातच ‘डाग काढायला’ पुन्हा लेझर करून घेतं. म्हणून क्रीमची नावं नंतर बघू. आधी चेहऱ्यावर नेमकं काय उरलंय ते ओळखायचं.

लाल आहे की काळं?

गोऱ्या माणसाची लाली गुलाबी दिसते. सावळ्या त्वचेवर तीच लाली जांभळट, तांबूस-तपकिरी दिसते, आणि घरचे सगळे म्हणतात, ‘काळी पडलीस की गं!’ मग लालीवर काळ्या डागांची क्रीम सुरू होते, ती चुरचुरते, जळजळ वाढते आणि आता खरोखरच काळा डाग पडतो. हा घोळ टाळायला एक साधी परीक्षा पुरते.

तळ सपाट आणि पारदर्शक असलेला काचेचा पेला स्वच्छ धुऊन, पुसून घ्या. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसून तो डागावर पाच ते दहा सेकंद हलकासा दाबा आणि काचेतून बघा. दाबल्यावर रंग फिका झाला आणि पेला उचलताच परत आला, तर तो रक्तवाहिन्यांचा, म्हणजे लालीचा रंग. दाबूनही तसाच राहिला तर तो रंगद्रव्याचा, म्हणजे मेलॅनिनचा. अर्धा फिका झाला तर दोन्ही आहेत, आणि असं मिश्रण फार सापडतं. अशा वेळी आधी लालीचं बघायचं. आतली जळजळ चालू असेपर्यंत रंगद्रव्य बनतच राहतं. खपली ओली असेल किंवा फोड आला असेल तर ही परीक्षा करू नका.

दुसरी खूण स्पर्शाची. हाताची मागची बाजू डागाला आणि मग शेजारच्या चांगल्या त्वचेला लावून बघा. डागाची जागा कोमट लागत असेल तर दाह अजून शमलेला नाही. तिसरी गोष्ट रंगाच्या छटेची. डाग कॉफीसारखा तपकिरी असेल तर रंगद्रव्य वरच्या थरात आहे आणि ते काही महिन्यांत उतरतं. राखाडी किंवा निळसर छटा असेल तर ते खालच्या थरात घसरलंय, आणि तिथून निघायला वर्षंही लागू शकतात. त्वचारोगतज्ज्ञ हेच वुड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखाली बघतात. त्या प्रकाशात वरचा डाग उठून दिसतो, खोलवरचा दिसत नाही. मात्र फार सावळ्या त्वचेत हा दिवा फारसा कामाचा नाही.

हे का होतं, तेही थोडक्यात. केस काढायचं लेझर हे केसातल्या मेलॅनिनवर नेम धरतं, पण तेच मेलॅनिन वरच्या त्वचेतही आहे. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश विशिष्ट लक्ष्यच तापवतो, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलं आणि आजची बहुतेक कॉस्मेटिक लेझर त्यावर उभी आहेत. सावळ्या त्वचेत या नेमाच्या वाटेत मेलॅनिनची आख्खी चादर पसरलेली असते. ती चादर तापली की दाह होतो, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लाली येते. त्याच दाहातून निघणारी रसायनं रंगपेशींना चेतवतात आणि तीन-चार आठवड्यांनी काळपटपणा येतो. सीओटू लेझर मेलॅनिनवर नाही तर पेशीतल्या पाण्यावर काम करतं. तिथे डाग पडतो तो नुसत्या उष्णतेने आणि जखमेने.

किती दिवस हे चालतंच?

केस काढल्यानंतर प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक लाल फुगवटा येतो. तो लेझर लागू पडल्याची खूण आहे. काही तासांत, फार तर दोन दिवसांत तो बसतो. तिसऱ्या दिवशीही सलग लाल पट्टा असेल, त्यावर पाणीदार फोड असतील किंवा करड्या खपल्या धरल्या असतील, तर ते भाजणं आहे.

त्वचा न सोलणाऱ्या फ्रॅक्शनल लेझरनंतरची लाली साधारण तीन-चार दिवसांची. त्यापुढे गेली तर ती लांबलेली समजतात. त्वचा सोलणाऱ्या फ्रॅक्शनल सीओटूमध्ये पहिले दोन-तीन दिवस चेहरा उन्हाने भाजल्यासारखा, सुजलेला असतो. मग खसखशीसारख्या बारीक तपकिरी खपल्या धरतात आणि पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत गळतात. त्याखालची गुलाबी-तांबूस त्वचा निवळायला दोन ते चार आठवडे लागतात. महिन्यानंतरही लाली तशीच असेल तर कारण शोधायला हवं. पूर्ण थर सोलणारं जुन्या पद्धतीचं सीओटू रिसर्फेसिंग आपल्याकडे आता कमी होतं. त्यात लाली तीन-चार महिने राहणं हा ठरलेलाच भाग असतो.

काळा डाग मात्र उशिरा येणारा पाहुणा. लेझरच्या दुसऱ्या दिवशी त्वचा काळी दिसली तर ती बहुधा खपली असते. खरा डाग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतो. नेमका तेव्हाच ‘आता सगळं बरं झालं’ म्हणून माणूस उन्हात फिरायला मोकळा झालेला असतो.

डागाचा आकार बघा

हाताच्या बोटाएवढे चौकोन किंवा पट्टे उमटले असतील आणि मध्ये मध्ये स्वच्छ त्वचा असेल, तर तो लेझरच्या टोकाचा ठसा आहे. ऊर्जा जास्त होती, त्वचा उन्हाने रापलेली होती, किंवा टोकाचं थंडावणं नीट चाललं नव्हतं. चंद्रकोरीसारखे किंवा कडीसारखे डाग दिसले तर संशय गार फवाऱ्यावर. काही यंत्रं झोताच्या क्षणभर आधी अतिथंड फवारा मारतात. यंत्र तिरकं धरलं की फवारा एकीकडे आणि झोत दुसरीकडे पडतो. कधी थंडीचाच चटका बसतो, तर कधी थंडावा न मिळालेली कड भाजते. हे डाग दिसायला भयंकर, पण बहुधा वरच्या थरातले असतात आणि उतरतात. जाळीसारखी चौकट फ्रॅक्शनल सीओटूची. दोन ठशांची कड एकमेकांवर चढली की तिथे गडद रेघ येते.

कपाळाच्या मधोमध एखादा गोल पांढरा ठिपका पडला असेल तर त्याचं पाप लेझरच्या माथी मारण्याआधी टिकलीच्या पाकिटाकडे बघा. काही टिकल्यांच्या गोंदातलं रसायन रंगपेशी मारतं. तसंच कानशिलं आणि कपाळाच्या कडेला काळपट छटा असेल तर केसांचा डाय हेही कारण असू शकतं.

या गोष्टींत वाट बघायची नाही

पहिल्या आठवड्यात एकाच जागी पिनेच्या डोक्याएवढ्या फोडांचा किंवा ओरखड्यांचा पुंजका आणि लालीच्या मानाने फारच ठणका, म्हणजे नागिणीच्या कुळातला हर्पिस जागा झालेला असू शकतो. ज्यांच्या ओठांभोवती अधूनमधून तापाचे फोड येतात त्यांनी हे लेझरच्या आधीच सांगायचं असतं. त्यांना गोळ्या आधीपासून सुरू करतात. पिवळा पू, वाढती सूज, ताप हे जिवाणूंचं. पांढुरकी साय आणि सतत खाज एक-दोन आठवड्यांनी आली तर बुरशी. डोळ्याला झोत लागल्यासारखं वाटलं, नजरेसमोर ठिपका आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

अजून एक गोष्ट लोक हमखास दुर्लक्षित करतात. सगळी लाली ओसरली, पण जबड्याच्या कडेला, मानेवर किंवा वरच्या ओठावर एकच पट्टा लाल राहिला, बोटाखाली जरा जाडसर, दाबल्यावर दुखरा, खाजरा. हा उठावदार व्रण बनायला सुरुवात झाल्याचा इशारा आहे. आता दाखवलं तर सिलिकॉन जेल, नेमकं स्टेरॉईड किंवा रक्तवाहिन्यांचं लेझर यांनी तो आवरता येतो. तीन महिन्यांनी दाखवलं तर तेच काम फार किचकट होतं.

पहिले दोन आठवडे

या काळात तुमचं काम एकच: दाह वाढू न देणं. पहिल्या दिवशी थंड पट्टी स्वच्छ सुती रुमालात गुंडाळून दहा मिनिटं लावायची, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा लावायची. बर्फाचा खडा थेट त्वचेवर फिरवू नका, भाजलेल्या जागी तो थंडीचा चटका देतो.

फ्रॅक्शनल सीओटू झालं असेल तर खपल्या गळेपर्यंत ओल टिकवायची. एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा साधा पांढरा व्हिनेगर, किंवा मेडिकलमधलं नॉर्मल सलाईन. त्यात निर्जंतुक गॉज भिजवून दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवा, दिवसातून चार वेळा. लगेच बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. पातळ म्हणजे त्वचा चमकावी इतपतच, लोणी थापल्यासारखी नाही. जाड थर दिला की बाजरीच्या दाण्यासारखे पांढरे मिलिया आणि मुरुमं येतात, आणि ती फोडली की नवे डाग. मेडिकलमधून आणलेली निओमायसिनची (एका प्रतिजैविकाची) मलमं लावू नका, त्यांची अॅलर्जी येऊ शकते. अॅलर्जीने येणारी लाली हे रेंगाळलेल्या लालीचं एक नेहमीचं कारण आहे. तिची ओळख म्हणजे आग कमी आणि खाज जास्त, शिवाय मलम जिथवर लावलं तिथवरच लाल.

खपली नखाने काढायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे काढतात. निदान उशीच्या अभ्र्यावर झोपताना एका कुशीवर घासणार नाही एवढं बघा. दुचाकीवर तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ ऊन अडवतो हे खरं, पण ताज्या त्वचेवर तो गाडीच्या प्रत्येक खड्ड्यासरशी घासतो, आणि नुसत्या घर्षणानेही त्वचा काळी पडते. स्कार्फ बांधायचाच तर मऊ सुती, सैल, आणि रोज धुतलेला. हेल्मेटचा पट्टा हनुवटीवरच्या लेझर केलेल्या जागी येत असेल तर खाली मऊ कापड. गॅससमोर तासभर भाकऱ्या थापणं, गरम पाण्याची वाफ, जिम या उष्णतेच्या गोष्टी पहिले सात-आठ दिवस कमी करा, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या पुन्हा रुंदावतात.

हळद-साय, लिंबू, बटाट्याचा रस, टूथपेस्ट, खायचा सोडा, मुलतानी माती: सगळं बंद. लिंबाचं तर विशेष. लिंबाच्या सालीतली द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजून गडद डाग पडतो. हळदीचं पिवळेपण लालीवर चढलं की काचेची परीक्षासुद्धा चुकते.

सनस्क्रीनचा हिशोब

डागांसाठी महागडं सीरम घेणारे बरेच जण सनस्क्रीन मात्र करंगळीच्या टोकाएवढं लावतात. सनस्क्रीनच्या डबीवरचा एसपीएफचा आकडा मोजतात तो दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावून. चेहऱ्याला त्या हिशोबाने सव्वा ग्रॅमच्या आसपास लागतं. घरगुती माप म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. मानेला वेगळं. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा असं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपते. तुमची चार महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, त्याचा वास लावता.

निवडताना एसपीएफ ३० ते ५०, ‘पीए’ (अतिनील अ किरणांपासूनचं संरक्षण) या अक्षरांपुढे तीन-चार अधिकची चिन्हं, आणि शक्यतो आयर्न ऑक्साईड असलेलं, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं. याला कारण आहे. आपल्या त्वचेत डाग गडद करायचं काम अतिनील किरणांइतकंच डोळ्यांना दिसणारा उजेडही करतो, आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. छटा असलेलं अडवतं, आणि डागही जरा झाकला जातो. कोकणातल्या घामट हवेत जेल प्रकारचं, विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात क्रीम, ही निवड सोयीची आहे, आणि टिकते तीच चांगली.

सुरुवात कधी? केस काढल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून. फ्रॅक्शनल सीओटूनंतर खपल्या पूर्ण गळल्यावरच, आणि पहिले काही दिवस झिंक ऑक्साईड-टायटॅनियमवालं, कारण ते कमी चुरचुरतं. त्याआधी उन्हात न जाणं हाच उपाय. टोपी, छत्री, सावली. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. खिडकीची साधी काच अतिनील अ किरणं आत येऊ देते, त्यामुळे खिडकीशेजारी लॅपटॉप घेऊन बसणाराही उन्हातच बसलेला असतो. मार्च ते मे या काळात आपल्याकडे दुपारचं ऊन सर्वांत कडक. शक्य असेल तर त्वचा सोलणारं लेझर या महिन्यांत करूच नये.

लाली रेंगाळली तर

आधी कारण हटवा. चेहऱ्यावर काय काय लागतंय त्याची यादी करा: फेसवॉश, टोनर, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, स्क्रब, अत्तर, दाढीनंतरचं लोशन. सगळं दोन आठवडे थांबवा. उरतील तीनच गोष्टी: साबण नसलेला सौम्य क्लीन्झर, बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. लांबलेल्या लालीतली बरीचशी एवढ्यानेच उतरू लागते, कारण ती लेझरची नसून त्यावर चढवलेल्या ‘स्किनकेअर’ची असते.

दोन आठवड्यांनी आग होत नसेल तर अॅझेलेइक अॅसिड १० टक्के रात्री, एका दिवसाआड. हे लाली आणि काळपटपणा दोन्हींवर चालतं, गरोदरपणातही वापरता येतं. पहिले आठ-दहा दिवस मुंग्या आल्यासारखं चावतं. पंधरा मिनिटांत थांबलं तर ठीक, तासभर टिकलं तर मॉइश्चरायझर आधी लावून वर ते लावा. जुळलं की रोज, आणि मग २० टक्क्यांचं. निअॅसिनमाइड ४-५ टक्के सकाळी चालतं. त्याहून जास्त टक्केवारीचा मोह नको, ती कित्येकांचा चेहराच लाल करते.

लाली तात्पुरती घालवणारी ब्रिमोनिडिनसारखी जेल काही तास रक्तवाहिन्या आवळतात, आणि उतरली की कधी दुप्पट लाली परत येते. लग्नाच्या फोटोंसाठी म्हणून पहिल्यांदाच त्या दिवशी लावून बघू नका. अडीच-तीन महिन्यांनंतरही काचेखाली फिकी होणारी लाली ठाम असेल तर ५९५ नॅनोमीटरचं पल्स्ड डाय लेझर हा उपाय आहे. सावळ्या त्वचेत ते अनुभवी हातातच, आधी छोट्या जागी तपासून. आयपीएल (लेझर नव्हे, अनेक तरंगलांबींचा तीव्र प्रकाश) मात्र सावळ्या त्वचेत या कामाला टाळलेलंच बरं, त्याचा पसरट झोत मेलॅनिनलाही तापवतो.

मेडिकलमधली ती ट्यूब

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत ही नावं आहेत का बघा: क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासॉल. ही स्टेरॉईडं आहेत. लावली की दोन दिवसांत लाली गायब, चेहरा उजळ. म्हणून माणूस ती महिनोन्‌महिने लावतो. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं आणि लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार इतका भेटतो की त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने स्टेरॉईडच्या गैरवापराविरुद्ध वेगळं कार्यदल नेमलं, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉईड क्रीम चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरी काउंटरवर ती मिळतातच.

इथे एक फरक नीट समजून घ्या. सीओटूनंतर पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी ताकदवान स्टेरॉईड मलम दिलं, तर ते योग्य असू शकतं. सुरुवातीचा दाह दाबला की पुढचा डाग कमी पडतो. मात्र त्यांनी ‘तीन दिवस’ म्हटलं तर तीनच. ट्यूबमध्ये उरलं म्हणून पुढे नाही.

तुम्ही आधीच दोन-तीन महिने अशी ट्यूब लावत असाल तर आज वाचून उद्या झटक्यात बंद करू नका. पेटलेला चेहरा बघून घाबरून माणूस पुन्हा तीच लावतो. त्वचारोगतज्ज्ञ कमी ताकदीच्या स्टेरॉईडवर आणून, दिवसाआड करून, सोबत टॅक्रोलिमससारखं बिनस्टेरॉईडचं मलम देऊन ती सोडवतात. त्याला आठवडे लागतात. हे चालू असताना कोणतंही लेझर नाही.

काळ्या डागांचं वेळापत्रक

लाली गेली, काचेखाली रंग हलत नाही, त्वचा गुळगुळीत आहे, असं असेल तरच इथून पुढे. लेझरला किमान तीन-चार आठवडे झालेले असावेत.

पहिले सहा-आठ आठवडे सनस्क्रीन आणि अॅझेलेइक अॅसिड. यावरच वरच्या थरातला डाग हळूहळू उतरायला लागतो. पुरेसं नसेल तर रात्री रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुळातलं औषध: अॅडापलीन ०.१ टक्के किंवा ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याच्या एका दाण्याएवढं, आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात. धुतल्यावर वीस मिनिटं चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मगच लावायचं. सालं निघू लागली की ‘काम करतंय’ असं समजून वाढवू नका. सालं म्हणजे दाह, आणि दाह म्हणजे पुन्हा डाग. सावळ्या त्वचेत उपचार इतका हळू चालवावा लागतो की चेहऱ्याला कळूच नये. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड आणि हायड्रोक्विनोन दोन्ही नाही.

हायड्रोक्विनोन हे अजूनही सगळ्यांत भरवशाचं औषध. २ ते ४ टक्के, रात्री, फक्त डागावर. डागाच्या बाहेर पसरलं तर भोवती फिकट कडं उमटतं, म्हणून कापसाच्या काडीने लावा. आठ ते बारा आठवडे, मग थांबायचं. वर्षानुवर्षं लावणाऱ्यांच्या गालावर निळसर-काळे, रव्यासारखे ठिपके येतात, ओक्रोनोसिस म्हणतात त्याला, आणि ते काढणं मूळ डागापेक्षा कठीण. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉईड असं तिन्हींचं मिश्रण अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमनने १९७५ मध्ये मांडलं. आज दुकानात ‘गोरं करणारी’ म्हणून जी ट्यूब दिली जाते ती बहुधा त्याचंच बदललेलं रूप असते: हायड्रोक्विनोन २, ट्रेटिनॉइन ०.०२५, मोमेटासोन ०.१ टक्के. औषध वाईट नाही, मुदत नसलेली चिठ्ठी वाईट. डॉक्टरांनी दिलं तर विचारा, ‘कोणत्या तारखेला बंद करू?’

ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या, साधारण २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वांगासाठी दिल्या जातात. त्या रक्त गोठायला मदत करणाऱ्या जातीच्या आहेत. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील, धूम्रपान असेल, तर हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एकही गोळी नको.

प्रगती आरशात मोजू नका, रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीशी, एकाच वेळी, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. फ्लॅश आणि ब्युटी मोड दोन्ही बंद. आठ आठवड्यांच्या फोटोंत काहीच हललं नसेल, किंवा छटा राखाडी असेल, तर घरचे प्रयोग तिथेच थांबवा.

पांढरे ठिपके

टोनिंगच्या बैठका दर आठवड्याला अशा दहा-पंधरा झाल्या की वांगाच्या जागेवर तांदळाच्या दाण्यांएवढे पांढुरके ठिपके येऊ शकतात. वारंवार झोताने रंगपेशी थकतात. पहिला ठिपका दिसताच टोनिंग बंद. ‘अजून दोन सिटिंगमध्ये एकसारखं होईल’ यावर विश्वास ठेवू नका. लवकर थांबवलं तर महिन्यांनी काही रंग परत येतो. न आल्यास टॅक्रोलिमस, किंवा ३०८ नॅनोमीटरची एक्सायमर किरणं वापरतात, पण खात्री कमीच. काळ्या डागापेक्षा पांढरा डाग कितीतरी हट्टी, म्हणून टोनिंगमध्ये बैठकांची संख्या आधी ठरवून घ्यावी.

पुन्हा लेझर करायचं असेल तर

डाग पूर्ण उतरेपर्यंत नाही. उतरल्यावरही मोठ्या जागेआधी कानामागे किंवा जबड्याखाली एक चाचणी ठिपका. भाजलंय का ते दोन-तीन दिवसांत कळतं, पण डाग पडतो का ते कळायला चार आठवडे द्यावे लागतात. ‘टेस्ट’ करून त्याच दिवशी पूर्ण चेहरा करणं ही टेस्ट नव्हे. त्याआधी चार आठवडे रापलेली त्वचा नको, वॅक्सिंग-थ्रेडिंग नको (रेझर चालतो), ब्लीच नको. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर सांगा, तिने त्वचा उन्हाला हळवी होते. केसांसाठी सावळ्या त्वचेत १०६४ नॅनोमीटरचं लाँग पल्स एन-डी याग सर्वांत सुरक्षित, त्यानंतर लांब पल्सचं डायोड. ७५५ नॅनोमीटरचं अॅलेक्झांड्राइट गोऱ्यांसाठी उत्तम, आपल्यासाठी जोखमीचं.

लग्न ठरलं असेल तर हळदीच्या दिवसापासून उलटं मोजा. शेवटची केसांची बैठक निदान चार आठवडे आधी, फ्रॅक्शनल सीओटू निदान तीन महिने आधी, कारण डाग पडलाच तर तो चौथ्या आठवड्यात दिसणार आणि उतरायला पुढचे दोन महिने लागणार. रंगपंचमीलाही हाच हिशोब लावा.

आणि क्लिनिकमधून दर बैठकीची नोंद लेखी घ्या: यंत्राचं नाव, तरंगलांबी, चौरस सेंटीमीटरला किती ज्यूल, पल्स किती मिलिसेकंद, ठिपक्याचा आकार, किती फेऱ्या, थंडावा कशाने, आणि झोत प्रत्यक्ष कोणी मारला. डाग पडला तर दुसऱ्या डॉक्टरला निम्मं निदान या कागदावरूनच होतं. उपचार करणाऱ्याचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांकही त्यावर हवा. नोंद द्यायला का-कू करणाऱ्या ठिकाणी पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका.